म्हणे

मी ओरडले, म्हणे. एकदाच, पण अशी की खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण काकू तव्यावरची पोळी तशीच टाकून वर धावत आल्या. मग मी ताठ झाले आणि पडताना ड्रॉइंग बोर्डाचा कोपरा डोक्याला लागला, म्हणे. डोळे पांढरे, तोंडाला फेस, हातपाय झटके देताहेत. किती वेळ? रूममेट म्हणते दहा मिनिटं. काकू म्हणतात, "छे गं, अर्धा तास तरी." शेजारच्या खोलीतली मुलगी सांगते, नंतर मी डोळे उघडून तिच्याकडे बघत होते, पण डोळ्यांत ओळख नव्हती.

एवढं सगळं माझ्या बाबतीत घडलं आणि तिथे मी सोडून सगळे हजर होते.

मला आठवतं ते फार थोडं. डिसेंबरातली सकाळ, साडेसात वाजलेले. आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाचं पहिलं सबमिशन, त्यासाठी लागोपाठ दोन रात्री जागवलेल्या. इंडक्शनवरचा चहा कपात ओतत होते. हात उडाला, चहा बशीत सांडला. पुन्हा उडाला, चहा ओट्यावर. त्यापुढची आठवण थेट जमिनीवरची आहे. नाकाशी चपलेचा तळ, दातांत स्टीलचा चमचा, मुठीत किल्ल्यांचा जुडगा आणि खोलीभर फोडलेल्या कांद्याचा वास. जीभ एका कडेने चावली गेली होती. अंग असं दुखत होतं, जणू धोंड्यावर आपटून आपटून धुतलंय. सलवार ओली झाली होती. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. रूममेटने गुपचूप तिची ओढणी माझ्या कमरेला गुंडाळली. हे मात्र ऐकीव नाही, ती गाठ मी स्वतः पाहिली.

शुद्धीवर आल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "शीट कुठंय?" म्हणे.

संध्याकाळपर्यंत माझे वडील, अण्णा, बार्शीहून पुण्याला पोहोचले. दुसऱ्या दिवशी मला घेऊन निघाले. एसटीत चार तास ते माझा दंड धरून बसले होते, जणू खिडकीतून मी उडून जाईन. घरी पोहोचलो तर माझ्याआधी बातमी पोहोचलेली. आजी म्हणाली फेफरं. शेजारच्या काकी म्हणाल्या आकडी. मामा म्हणाला, मिरगी असेल तर लोखंड हातात द्यायचं, आणि मला त्या किल्ल्यांचा उलगडा झाला. आत्याने दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "फिट बिट काही म्हणू नका. चक्कर आली म्हणायचं. पोरीची जात आहे." कुणीतरी बाहेरचं बघायला सुचवलं. आजीने नारळ उतरवून टाकला. मी अठरा वर्षांची, सोफ्यावर चादर पांघरून बसलेले, आणि माझ्या एका सकाळीला पाच नावं मिळालेली. त्यातल्या एकाही नावात मी काय अनुभवलं हे नव्हतं, कारण मी काही अनुभवलंच नव्हतं. तोच तर घोळ होता.

ज्या पहिल्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी सगळे प्रश्न अण्णांना विचारले. झटके किती वेळ होते? जीभ चावली का? घरात कुणाला आहे का? अण्णांनी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी काकूंकडून फोनवर ऐकलेलं सांगितलं. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. म्हणजे काकूंचा अर्धा तास, अण्णांच्या तोंडून, माझ्या केसपेपरवर गेला. सोलापुरात एमआरआय झाला. आपल्याकडे मेंदूत गेलेल्या फीतकृमीच्या अळ्यांमुळेही फिट येतात, तसं काही आहे का ते बघायचं होतं. काही निघालं नाही. तरी कोबीतून त्या पोटात जातात या भीतीने त्या दिवसापासून आमच्या घरात कोबी बंद झाला, तो आजतागायत.

गोळी सुरू झाली. कार्बामाझेपिन. मी ती इमानेइतबारे घेतली आणि माझे हात जास्त उडायला लागले.

आता या हात उडण्याबद्दल सांगायला हवं, कारण तेव्हा मी ते कुणालाच सांगितलं नव्हतं. दहावीपासून सकाळी उठल्यावर तासभर माझ्या हातांचा भरवसा नसायचा. दात घासताना ब्रश हिरडीत घुसायचा. वेणी घालताना कंगवा पलंगाखाली जायचा. वीज चमकावी तसा खांद्यापासून एक हिसका यायचा आणि संपायचा. दुखायचं नाही. शुद्ध जायची नाही. दहा वाजेपर्यंत सगळं सुरळीत. आईच्या कपबशीच्या संचातले चार कप मी दोन वर्षांत फोडले. "हाताला काय भोकं पडलीत का गं?" हे आमच्या घरातलं सकाळचं वाक्य होतं. मला वाटायचं, आहोत आपण धांदरट. काही मुली उंच असतात, काही गोऱ्या असतात, मी धांदरट आहे. स्वभावाची तक्रार घेऊन कुणी डॉक्टरकडे जातं का?

पुण्यात आल्यावर त्या स्वभावाची किंमत वाढली. पहिल्या वर्षाला सगळं हाताने काढायचं. गेटवेच्या ट्रेसिंग शीटवर रोट्रिंगच्या पेनाने शाईच्या रेघा, ०.२ची बारीक, ०.६ची जाड. पॅरलल बार सरकवायचा, श्वास रोखायचा आणि डावीकडून उजवीकडे एका दमात जायचं. रात्रभर जागून काढलेल्या प्लॅनवर सकाळी शेवटच्या रेघा मारताना पेन उडायचं. सरळ रेघेतून एकदम वर गेलेला काटा, खाली आलेला काटा, आणि पुढे पुन्हा सरळ रेघ. चूक खोडायची तर अर्धं ब्लेड आडवं धरून शाई अलगद खरवडायची. मी इतकी खरवडायचे की शीट जागोजागी अंधूक व्हायची. सर शीट उजेडासमोर धरून म्हणायचे, "लाइन क्वालिटी नाही. हात साफ नाही तुझा." त्यावर उपाय एकच होता, जास्त सराव. जास्त सराव म्हणजे जास्त जागरण. आणि जागरणाने काय होतं, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं.

फेब्रुवारीत पुण्यातल्या मेंदूविकारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. अण्णा सवयीने माझ्या वतीने बोलायला लागले. बाईंनी ते ऐकून घेतलं, मग खुर्ची माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "सकाळी उठल्यावर हातातून वस्तू उडतात का तुझ्या?"

मी काही बोलले नाही. मला वाटलं, आईने फोन करून कपांचं सांगितलंय.

"ब्रश, कप, कंगवा, मोबाइल असं काही?" त्या म्हणाल्या. "झोप कमी झाली की जास्त?"

मी रडायला लागले. अण्णा गडबडले, त्यांना वाटलं पुन्हा काहीतरी होतंय. मला नीट सांगता आलं नाही, पण कारण साधं होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी मी पाहिलेली गोष्ट विचारली होती. मोठी फिट सगळ्या जगाने पाहिली, मी नाही. हे छोटे हिसके फक्त मी पाहिले आणि ते कुणी जमेस धरले नव्हते, मीसुद्धा. आणि आजाराचा पत्ता नेमका त्यांच्यातच होता.

पिशवीतल्या ट्यूबमध्ये एक नापास शीट होती, दुपारी कॉलेजात द्यायची होती. ती मी टेबलावर पसरली. बाईंनी चष्मा वर करून त्या काट्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "हे किती वाजता काढलंस?" एका रेघेबद्दल हा प्रश्न मला आजवर कुणीच विचारला नव्हता.

मग ईईजी. आदल्या रात्री चार तासांहून जास्त झोपायचं नाही आणि केस धुऊन, तेल न लावता यायचं, एवढी तयारी. तंत्रज्ञ ताईंनी टेपने माझं डोकं मापलं, नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत आणि या कानापासून त्या कानापर्यंत. लाल पेन्सिलीने खुणा केल्या. आम्ही प्लॉटवर ग्रिड टाकतो, अगदी तसंच. प्रत्येक खुणेवर खरखरीत पेस्ट चोळून एकेक वायर चिकटवली, अशा वीसेक. मेंदूतली वीज व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते, म्हणून तेलाचा थरही चालत नाही. "हलू नको, डोळे मिट." मग तीन मिनिटं भराभर खोल श्वास. बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले. मग चेहऱ्यासमोर दिवा, मिटलेल्या पापण्यांवर लखलख, आधी सावकाश, मग वेगात. माझा खांदा उडाला. सवयीने तोंडातून "सॉरी" गेलं. ताई म्हणाल्या, "सॉरी कसलं, हेच तर पकडायला बसलोय."

उठल्यावर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. एकाखाली एक आडव्या रेघा, वळणावळणाने शांत चाललेल्या, आणि मध्येच सगळ्या रेघांतून एकाच वेळी वर उसळलेले काटे. काट्यांचा झुबका, मागोमाग एक मंद लाट, पुन्हा झुबका. मग परत शांत. त्या रेघा मला नव्या नव्हत्या. चार महिने मी ब्लेडने खरवडत होते त्याच होत्या.

जर्मनीतल्या हान्स बर्गर नावाच्या डॉक्टरने १९२४ साली माणसाच्या मेंदूतली वीज अशी पहिल्यांदा नोंदवली. ते छापायला त्याने १९२९ साल उजाडू दिलं, आणि छापल्यावरही कित्येक तज्ज्ञांचा त्याच्यावर काही वर्षं विश्वास बसला नाही. हे वाचलं तेव्हा मला हा अनोळखी माणूस नात्यातला वाटला.

माझ्या आजाराचं नाव जुवेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. मराठीत अपस्माराचा एक प्रकार. तो बहुधा बारा ते अठरा या वयात डोकं वर काढतो. सकाळचे हिसके ही त्याची खूण, आणि अपुरी झोप हा त्याचा आवडता खाऊ. बुद्धीशी त्याचा संबंध नाही, तो कुणाला लागत नाही, आणि माझ्या आजीने किंवा आईने काही केल्याने किंवा न केल्याने तो झालेला नाही. हे शेवटचं वाक्य बाईंनी अण्णांकडे बघून दोनदा म्हटलं. जगात सुमारे पाच कोटी लोकांना एपिलेप्सी आहे. नीट निदान आणि औषध मिळालं तर त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांना फिटशिवाय जगता येईल, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यातले "नीट निदान" हे दोन शब्द लोक भरभर वाचून पुढे जातात. मी तिथे थांबते. कार्बामाझेपिन वाईट औषध नाही. काही प्रकारच्या एपिलेप्सीत ते उत्तम चालतं. माझ्या प्रकारात ते हिसके वाढवू शकतं. पहिल्या डॉक्टरांना हिसके माहीतच नव्हते, कारण मी धांदरट होते.

नवी गोळी निवडतानाही बाई माझ्याशी बोलल्या. सोडियम व्हाल्प्रोएट या आजारावर जुनं आणि जालीम औषध, पण पुढे कधी दिवस गेले तर पोटातल्या बाळाला त्यापासून धोका. "आज तो विचार तुझ्या डोक्यात नसेल, पण ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे." म्हणून लेव्हेटिरासेटाम, सकाळी नऊ आणि रात्री नऊ. पंधरा दिवसांत हात शांत झाले आणि डोकं तापट. कपड्यांच्या चिमट्यांवरून मी रूममेटला नाही नाही ते बोलले. तासाभराने तीच औषधाचा कागद घेऊन आली, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "इथं लिहून आहे, चिडचिड होते. म्हणून आज माफ." ती यवतमाळची आहे.

औषधापेक्षा बाकीचं जड गेलं. रात्री अकराला झोपायचं. ऐकायला साधं वाटतं, पण आमच्या कॉलेजात ही जवळजवळ फितुरी आहे. "किती नाइट मारल्या?" हाच तिथला मानाचा प्रश्न. एका सरांना मी वैद्यकीय पत्र दाखवलं, तर ते म्हणाले, "आम्हीही नाइट मारल्या, कुणी मेलं नाही." दुसऱ्या मॅडमनी पत्र वाचलं, घडी घातली आणि माझं सबमिशन दोन दिवसांनी घेतलं, एक शब्द न बोलता. मॉडेलसाठी कटर सकाळी हातात घ्यायचा नाही. गच्चीच्या कठड्यावर बसायचं नाही. पोहायचं तर एकटीने नाही. आणि स्कूटर विसरायची. शिकाऊ लायसन्सच्या अर्जातच प्रश्न आहे, तुम्हाला अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे का? एजंट म्हणाला, "नाही लिहा, सगळे लिहितात." अण्णांनी अर्ज फाडला. पुण्यात स्कूटरशिवाय मुलगी म्हणजे बेटावरची मुलगी. मी पीएमपीच्या बसचे नंबर पाठ केले.

काकूंनी आधी खोली सोडायला सांगितलं होतं. "तसं काही नाही हो, पण पोरींच्या घरात रात्री-अपरात्री काय करायचं आम्ही?" त्यांचं भय खोटं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्यांच्या भयाला हसायचा अधिकार मला नाही. अण्णांनी हातापाया पडून एक महिना मागून घेतला. तो वाढतच गेला.

घरी आत्या अजून "चक्कर" म्हणते. तिला एकदा अण्णांनी सांगितलं की हिंदू विवाह कायद्यात लग्नाच्या अटींत वेडाच्या शेजारी अपस्मार बसवलेला होता आणि १९९९ साली संसदेने तो तिथून काढून टाकला. त्यांनी हे कुठून शोधलं देव जाणे. शेतीच्या सातबाऱ्यापलीकडे कायदा न वाचलेला माणूस. आत्या म्हणाली, "कायद्याने काढलं असंल, लोकांच्या डोक्यातनं कोण काढणार?" या प्रश्नाला अण्णांकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. पुण्यात "संवेदना" हा एपिलेप्सी आधारगट आहे. तिथे जायचं मी बरेच दिवस टाळलं. गेले की आपल्यावर शिक्का बसेल, असं वाटायचं. म्हणजे लोकांच्या डोक्यातलं थोडं माझ्याही डोक्यात होतंच.

अपस्मार या शब्दात स्मृती निघून जाणं आहे. नटराजाच्या पायाखाली जो बुटका पालथा पडलेला असतो, त्याचंही नाव अपस्मार. इतिहासाच्या तासाला स्लाइडवर तो दिसला आणि मी वहीत त्याचंच चित्र काढत बसले. तो मेलेला नाही. डोकं वर करून बघतोय, फक्त पाय वरून उचलला जात नाहीये.

सप्टेंबरात तो पाय उचलला गेला. विसर्जनाची रात्र. लक्ष्मी रोडवर ढोल ऐकत उभे राहिलो, अलका चौकापर्यंत गेलो, घरी यायला पहाटेचे चार. रात्री नऊची गोळी पर्समध्ये होती आणि पर्स खोलीवर. सगळं माहीत असून मी हे केलं. एकोणिसाव्या वर्षी एक रात्र आपण इतरांसारखे असावं असं वाटतं, याहून मोठं कारण नव्हतं.

रूममेटला मी आधी सगळं शिकवून ठेवलं होतं, जरा चेष्टेतच. तोंडात काही घालायचं नाही, जीभ गिळली जात नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. डोक्याखाली मऊ काहीतरी, झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. चप्पल, कांदा, किल्ल्या काही नको. घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर थेट दवाखाना. पूर्ण भानावर येईपर्यंत पाणीसुद्धा द्यायचं नाही. तिने तेव्हा आळस देत "बरं, मॅडम" म्हटलं होतं.

मी जागी झाले तेव्हा खोलीत ऊन आलं होतं. कांद्याचा वास नव्हता. मी कुशीवर होते, डोक्याखाली तिची घडी केलेली शाल. दात एकमेकांवर नीट बसत होते, मध्ये चमचा नव्हता. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर माझंच स्केचबुक, हातात पेन्सिल. तिने ते स्केचबुक माझ्यासमोर धरलं.

"सकाळी ६.५२. उजवा हात तीनदा उडाला, मग डावा. ६.५३ ओरडली, पडली. शाल देली. ६.५५ झटके बंद. एकूण १ मिनिट ४० सेकंद. कुशीवर केलं. तोंडात काही घातलं नाही. काकू चप्पल घेऊन आल्या, त्यांना दारातच थांबवलं. ७.१० डोळे उघडले, मले ओळखलं नाही. ७.२० ओळखलं. चाय मागून राहिली होती. देली नाही."

दहा मिनिटं नाही. अर्धा तास नाही. एक मिनिट चाळीस सेकंद. मी ते पान दोनदा वाचलं. त्यात एकदाही "म्हणे" नव्हतं.

दुपारी बाईंनी ते पान फाइलला टाचलं, ईईजीच्या बरोबर पुढे, आणि मला गोळीवरून जे बोलायचं ते बोलल्या. ते इथे सांगत नाही.

चहा आठ वाजता मिळाला होता. स्टीलच्या पेल्यात, अर्धाच.